लंघन

अंबुबाईनं बोट पुढं केलं आणि मान भिंतीकडं फिरवली. सुई टोचली तशी ती "हं" म्हणाली, एवढंच. जाड कागदावर रक्ताचे ठिपके उमटले. शेजारी थोरली सून काशम्मा आपलं टोचलेलं बोट अंगठ्यानं दाबून बसली होती. तिच्या मांडीवर तिचं पोरगं, अंबुबाईचा नातू बसू, पहाटेच्या एसटीनं दमलेला, तोंड उघडं टाकून झोपला होता.

सोलापूरची ही कितवी खेप, हे मोजणं अंबुबाईनं कधीच सोडलं होतं. अक्कलकोटच्या पलीकडं त्यांची वस्ती. तिथून फाट्यापर्यंत चालायचं, मग एसटी, मग रिक्षा, मग दवाखान्याच्या या बाकावर नंबराची वाट बघत बसायचं. थोरला मुलगा, काशम्माचा नवरा धुळाप्पा मेंढरं चारायला लांब नदीकाठी गेलेला, तेव्हा पोराला घेऊन हिंडायचं ते या दोघींनीच. काशम्माची आधीची दोन लेकरं तापात गेली होती, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरनं बसूला इकडं धाडलं होतं.

त्यात आज निघता निघता धाकट्या सुनेची, शहाजीच्या बायकोची, सुकन्याची तान्ही पोर तापली. काशम्मा म्हणाली, आज ऱ्हाऊ द्या. पण नंबर लागलेला. अंबुबाईनं उंबऱ्यातूनच सुकन्याला बजावलं, "ताप उतरंपातूर अंगावर पाजायचं न्हाय. निस्तं पाणी दे चमच्यानं." वस्तीत कुणाचंही लेकरू तापलं की लोक अंबुबाईला विचारत, आणि तिचं औषध एकच, लंघन. ताप उपाशी मारायचा. तिच्या सासऱ्यानं शिकवलेलं, आणि सासरा काही ऐरागैरा माणूस नव्हता. 'अंबुबाईनं सांगितलंय' म्हटलं की पुढं वाद संपायचा.

डॉक्टर आरोहीनं कागद वाळत ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली. घराण्यातून उतरणारे रक्तातले दोष शोधायचं तिचं काम. बसूचं रक्त मागच्या खेपेला तिनंच तपासायला पाठवलं होतं. तिचेही डोळे तारवटलेले. सकाळपासून किती घरांना असलं काही सांगून झालं असेल कोण जाणे.

"आजी, बसूचा दोष सापडला," ती म्हणाली. "आपण उपाशी राहिलो की शरीर साठवलेली चरबी जाळतं. घरातलं पीठ संपलं की कणगीतले दाणे काढतो ना, तसं. बसूची कणगी भरलेली आहे, पण तिचं तोंडच उघडत नाही. पोटातलं संपलं की संपलं. मूल सुस्त होतं, झोपी जातं आणि मग उठत नाही."

"मंजी उपाशी ठेवायचंच न्हाय?" काशम्मानं विचारलं.

"कधीच नाही. तापात तर मुळीच नाही. खात नसला तर साखरेचं, गुळाचं पाणी पाजत राहायचं आणि तडक दवाखाना गाठायचा."

अंबुबाईनं झोपलेल्या बसूच्या कपाळावर हात ठेवून पाहिला.

"आन् हे आलं कुटनं?" तिनं विचारलं, काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. काशम्मा तुमच्या भावाची मुलगी ना? मग दोन्हीकडचं एकाच घराण्यातून आलं असणार. म्हणून तर तुमचंही रक्त घेतलं."

भावाच्या दोन्ही पोरी अंबुबाईनंच हट्टानं सुना करून आणल्या होत्या. परक्याची कशाला, आपली रक्ताची बरी, म्हणून. आणि दुसरं लेकरू गेलं तेव्हा त्याच रक्ताच्या काशम्माला तिनं चार माणसांत पांढऱ्या पायाची म्हटलं होतं.

"आधीची दोन मुलं," डॉक्टरनं हातात पेन घेतलं. "त्यांच्या तापात ती काही खात होती का?"

अंबुबाईनं पदर तोंडाशी धरला. आता सगळं बाहेर येणार.

"न्हाय," काशम्मा म्हणाली. "पोटात काय ठरतच नव्हतं त्यांच्या."

हे साफ खोटं होतं. थोरली पोर तर भाकरी भाकरी करत रडली होती. अंबुबाईनंच भाकरीची टोपली तिच्या नजरेआड नेऊन ठेवली होती.

"आणि बसू? त्यालाही मोठा ताप येऊन गेला ना? मग तो कसा वाचला?"

"त्याला आत्यांनी गुळाचं पाणी पाजलं की," काशम्मा खाली बघत म्हणाली. "गाभण मेंढी अंग टाकती, तवा पाजत्यात, तसं."

डॉक्टरचा दमलेला चेहरा पहिल्यांदा खुलला. "आजी, म्हणजे तुम्हीच वाचवलंत नातवाला."

 अंबुबाईनं बसूला थेंबभरही गूळपाणी दिलं नव्हतं. आपल्या लंघनानं पोरगं तरलं, असंच ती वस्तीभर सांगत आली होती. आता तिला आठवला तो मेंढरांच्या गुळाचा डबा. बसूच्या तापात तो निम्म्यावर आला होता आणि तिनं अंगणात उभं राहून सुनेला सुनावलं होतं, पोरगं तापानं फणफणलंय आन् हिला गूळ गोड लागतोय. काशम्मानं तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं. मुक्या जित्राबाला गूळ पाजत आलो आणि आपल्या लेकरांना कोरडं ठेवलं, या विचारानं म्हातारीचा जीव पिळवटून निघाला.

मग तिला सकाळ आठवली.

"काशम्मा, फोन लाव. सुकन्याला लाव आदी."

अंबुबाईला कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजावरच असे.

"पोर कशी हाय गं?"

"ताप हाय अजून, आत्या. पर जरा..."

"पाज तिला. आत्ताच्या आत्ता पाज. सकाळी मी सांगितलं ते समदं इसर. आन् शहाजीला म्हण, तिला घिऊन हितं ये. ऐकतीस न्हवं?"

 मग सुकन्या दबक्या आवाजात म्हणाली, "रागवू नगा, आत्या. मी सकाळधरनं पाजतीच हाय. अक्कानं जाताना घरामागं नेऊन सांगितलंवतं. म्हणली, आत्यास्नी कळू देऊ नगंस."

डॉक्टरचं पेन थांबलं. काशम्मानं झोपलेल्या बसूच्या अंगावर उगीच पदर ओढला. तिची मान वर झाली नाही. आता बोलणी खायची तयारी ठेवूनच ती बसली होती.

अंबुबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं फोन तोंडाजवळ नेला.

"मग आता चोरून नगं पाजूस," ती म्हणाली. "भाईर वट्ट्यावर बसून पाज. कुणी इचारलं तर म्हणावं, काशम्मानं सांगितलंय."