खोकल्यासकट पाठ केलेलं भाषण

मित्रांनो, माझं झाकण सुतळीने बांधलेलं आहे, कॅसेट मागे फिरवायचं बटण चमच्याच्या दांड्याने दाबावं लागतं आणि एका कोपऱ्यात उंदराचे दात उमटलेले आहेत. तरी मला भंगारात मोजू नका. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझा गळा अजून शाबूत आहे. हल्लीची यंत्रं खिशात मावतात. मी मावत नाही, पण त्याचा मला कमीपणा वाटत नाही. मला हातात घेऊन निघालेला माणूस गल्लीतून जरा छाती काढूनच चालायचा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती नांदेडच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटाची. एके दिवशी प्रेमानंद नावाचा गवंडी तिथे आला. नखांत सिमेंट, डोक्यावर धूळ. दुकानदाराने त्याला माझा आवाज मोठा करून दाखवला, पण त्याची नजर माझ्या लाल बटणावर होती.

"याच्यात आपला आवाज बी भरता येतो?" त्याने विचारलं.

"बराबर येतो," दुकानदार म्हणाला, आणि माझं ठरलं. नांदेडहून हिंगोली, हिंगोलीहून सेनगाव आणि तिथून साखरा, हा सगळा प्रवास मी एसटीत प्रेमानंदच्या मांडीवर बसून केला. कंडक्टरने मला खाली ठेवायला सांगितलं, पण प्रेमानंदने ऐकलं नाही.

साखऱ्याच्या त्या घरात मला कोनाडा मिळाला आणि अंगावर विणलेला रुमाल. घरात प्रेमानंदची म्हातारी आई लक्ष्मीबाई होती, थोरला भाऊ आणि वहिनी होती, आणि त्या दोघांची मुलगी करुणा. बारसं असो, लग्न असो, वस्तीत माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. आणि प्रत्येक कार्यक्रमात एक कॅसेट हमखास वाजे. परभणीच्या एका मोठ्या सभेत कुणीतरी भरून घेतलेलं एका म्हाताऱ्या वक्त्याचं ते भाषण होतं. वक्ते जोरदार बोलत, पण त्यांना खोकला फार. ऐन रंगात आले की ते थांबत, दोनदा खोकत, "मागच्या मंडळींनी खाली बसून घ्या" असं दटावत आणि मग पुढचं वाक्य असं काही टाकत की टाळ्यांनी माझी जाळी थरथरे. वर्षानुवर्षं ऐकून वस्तीला ते भाषण तोंडपाठ झालं होतं. खोकला कुठे येतो हे लहान लेकरंसुद्धा सांगत.

साल शहाण्णव असावं. करुणा नववीत होती. फुलसिंगच्या जीपमध्ये कोंबून सेनगावच्या शाळेत जायची आणि तशीच परत यायची. त्या वर्षी भीमजयंतीच्या बैठकीत प्रेमानंदने एक गोष्ट लावून धरली. यंदा एका मुलीने भाषण करायचं आणि ती मुलगी करुणा. तोवर आमच्या वस्तीच्या मंचावर मुली फक्त स्वागतगीताला उभ्या राहत. बैठकीतले जाणते मुंजाजीदादा बराच वेळ मिशी ओढत बसले.

"पोरगी आयत्या वेळी लाजली तर काय करता?" ते म्हणाले. "बोलू द्या तिला, माझं न्हाई काही म्हणणं. पण मंचावरून तशीच खाली उतरली, तर पुढल्या साली कुण्या पोरीचं नाव काढायचं न्हाई."

बैठक आमच्याच अंगणात भरली होती, त्यामुळे हे सगळं करुणाने दाराआडून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तिने तयारी सुरू केली. तयारी म्हणजे काय, तर ती माझ्यापुढे बसे, तीच परभणीची कॅसेट लावे आणि वाक्यामागून वाक्य पाठ करी. हात कसा वर न्यायचा, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं तिने उचललं. आणि मित्रांनो, खोकलासुद्धा उचलला. तो भाषणाचाच भाग आहे याविषयी तिला शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर घरात कुणालाच नव्हती. एकदा ती खोकायची विसरली, तर चुलीजवळून लक्ष्मीबाई ओरडली, "खोकला राह्यला गं! पुन्हा म्हण."

मला हसू येत होतं, पण मला हसायचं बटण नाही.

सपना ही करुणाची मैत्रीण. दुपारी ती यायची आणि श्रोता म्हणून समोर पाय पसरून बसायची. करुणा तिच्यापुढे उभी राहून पूर्ण गंभीरपणे म्हणायची, "परभणीकर बंधू-भगिनींनो! मागच्या मंडळींनी खाली बसून घ्या." सपनाच्या मागे फक्त शेळी बांधलेली असायची आणि ती आधीच बसलेली असायची.

पुतणीचं पाठांतर बघून प्रेमानंद खूश झाला. त्याने लग्नाच्या गाण्यांची एक जुनी कॅसेट काढली, तिच्या पाठीवरची दोन भोकं कागदाच्या बोळ्यांनी बुजवली, म्हणजे मला तिच्यावर नवा आवाज भरता यावा. मग लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण दोन्ही एकदम दाबायला करुणाला शिकवलं आणि तो कामावर गेला. करुणाने अख्खं भाषण माझ्यात भरलं. नंतर दोघी मैत्रिणी माझ्याजवळ सरकून बसल्या आणि मी ते वाजवलं.

पहिल्याच वाक्याला करुणाचा चेहरा उतरला.

"ही मी न्हाई," ती म्हणाली.

"तूच हाईस की," सपना म्हणाली.

"माझा आवाज असा बारीक कुठं हाय? तुझ्यातच बिघाड हाय!" हे शेवटचं मला उद्देशून होतं.

मित्रांनो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. माणूस आपला आवाज जन्मभर आतून ऐकतो. बाहेरून तो इतरांनाच ऐकू येतो, म्हणून पहिल्यांदा ऐकला की ज्याचा त्यालाच ओळखू येत नाही. मला दर वेळी बोल लावतात, आणि मी ते मनावर घेत नाही. पण त्या दिवशी गोष्ट तिथे थांबली नाही. भाषण पुढे सरकलं आणि माझ्यातून चौदा वर्षांची पोर एखाद्या म्हाताऱ्यासारखी दोनदा खोकली. सपना हसून हसून आडवी झाली. करुणाही हसायला गेली, पण तिच्याने हसवेना.

"सपने," ती हळूच म्हणाली, "याच्यात माझं काहीच न्हाई गं. परभणी त्यांची, खोकला त्यांचा. मग मी कशाला उभी राहू?"

"काहून असं बोलून राहिलीस? चल, दुसऱ्या बाजूला पुन्हा भर." सपनाने कॅसेट उलटी करून घातली आणि माझी दोन्ही बटणं दाबली. पण करुणा तोंड फिरवून बसली. मी बोलणारच नाही, काकाला सांगून टाकते, असं तिने जाहीर केलं. तिला बरं वाटावं म्हणून सपनाने फुलसिंगच्या जीपचा विषय काढला, आणि बघता बघता दोघींच्या गप्पा रंगल्या. माझी बटणं मात्र दाबलेलीच होती. मी इमानाने सगळं भरून घेत राहिलो.

दुसऱ्या दिवशी करुणा एकटीच घरात होती. तिने सहज ती कॅसेट त्याच बाजूने लावली आणि दचकली. कालच्या गप्पा! जीपमध्ये रोज कशी कोंबाकोंबी होते, हे एक मुलगी भराभरा सांगत होती. "मी सरळ उठले न् म्हणलं, ओ दादा, पाय आत घ्या, आजीला बसू द्या. तुमी टपावर जा, तुमची उंची हाय. फुलसिंग म्हणतो, बाई, जीप माझी हाय का तुझी?" करुणा कान देऊन ऐकत राहिली. या मुलीचा आवाज तोच होता, बारीक. पण तो कुणाला घाबरत नव्हता. राग आला की चढत होता, हसू आलं की फुटत होता. वाक्यागणिक "म्हणजे" म्हणायची तिला खोड होती. करुणाने ती खोड पहिल्यांदाच ऐकली आणि ती एकटीच हसली. ही मुलगी तिला आवडू लागली होती.

तेवढ्यात माझ्यातून लक्ष्मीबाईचा आवाज आला. अंगणातून विचारलेला, रोजचाच प्रश्न. "करुणा, काय शिकलीस गं आज?"

आणि लगेच त्याच मुलीचा आवाज. "काय न्हाई. तुला सांगून काय कळणार हाय?"

करुणाने मला बंद केलं. पुन्हा मागे फिरवून ते ऐकलं. बोलताना तिला ते उत्तर साधं वाटलं होतं, रोजच वाटत असे. बाहेरून ऐकताना ते चापट मारल्यासारखं होतं. त्या उत्तरानंतर अंगणात काहीच आवाज नव्हता, आणि तो गप्पपणाही मी भरून घेतला होता. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ही पोर लाल बटण दाबून तेवढं पुसून टाकणार. तिचं बोट बटणावर आलंही होतं. पण तिने ते काढून घेतलं.

त्यानंतर तिने परभणीची कॅसेट लावलीच नाही. भाषण करणार की नाही, हे ती कुणालाच सांगत नव्हती. प्रेमानंद काळजीत, मुंजाजीदादा सावध, आणि लक्ष्मीबाई मधूनच विचारायची, "खोकला येतो ना बराबर?"

जयंतीच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मंच झाला. निळे झेंडे लागले, वंदना झाली. ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. भाषण भरून घ्यायला म्हणून मला माईकशेजारी खुर्चीवर मानाने बसवलं होतं. करुणाचं नाव पुकारलं गेलं. ती पांढरी साडी नेसून वर आली आणि "जय भीम" म्हणाली. सगळ्यांनी जोरात जय भीम घातला. त्यापुढे तिच्या तोंडून शब्दच फुटेना. मुंजाजीदादांनी मिशी धरली. सपना खाली पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. करुणा घसा साफ करायला गेली, आणि काय सांगू, मित्रांनो, तिला खोकला आला. एकदा नाही, चांगला दोनदा!

सगळी वस्ती त्या खोकल्याची वाट बघत होतीच. खालून लक्ष्मीबाई खणखणीत ओरडली, "झाला खोकला! आता बोल!"

हशा पिकला. त्यात करुणा स्वतःही हसली, आणि हसता हसता तिचा गळा मोकळा झाला.

"खोकला परभणीचा व्हता," ती म्हणाली. "आता माझं ऐका. म्हणजे, मला पाठ केलेलं लई येतं. पण टेपात ऐकलं तवा कळलं, त्याच्यात मी न्हाई. मग मी कशी हाय ते ऐकलं. मला राग लवकर येतो. मी जीपमधी सगळ्यांना जागा करून देते. आणि घरी आले की आजीशी वाकडं बोलते. आजी रोज विचारते, काय शिकलीस. ती शाळेच्या खिडकीबाहेर उभी राहून शंभरापर्यंत आकडे शिकली, तिला आत कुणी घेतलं न्हाई. मी आत बसते, आणि तिला म्हणते, तुला काय कळणार. तर आजी, आज काय शिकले ते सांगते. तुझ्यासाठी माझ्यापाशी वेळ न्हवता, हे मला ठाऊकच न्हवतं. आता ठाऊक झालं. आजपासून रोज सांगीन."

बोलणं लहानसंच झालं. टाळ्या मात्र परभणीपेक्षा जास्त पडल्या, हे मी दोन्ही ऐकल्यामुळे खात्रीने सांगतो. मुंजाजीदादांनी मिशी सोडली आणि प्रेमानंदकडे वळून म्हणाले, "पुढल्या साली त्या सपनाला उभी करा." लक्ष्मीबाई पदराने डोळे पुसत होती, पण घरी आल्यावर म्हणालीच, "भाषण ब्येस झालं. फकस्त मागच्या मंडळींना खाली बसवायचं राह्यलं."

आणि प्रेमानंद? गडबडीत त्याने माझं एकच बटण दाबलं होतं. लाल दाबायचं राहून गेलं. ते भाषण कुठल्याच कॅसेटवर नाही, फक्त माझ्यापाशी आहे.

पुढे सीडी आल्या, मग मोबाईल आले. मी कोनाड्यातून माळ्यावर गेलो, बियाण्याच्या पोत्यांमागे. उंदराने माझ्या आतला, कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा खाल्ला, रुमाल कुणी नेला कळलं नाही. त्या काळात मी फार कष्टी होतो, ते लपवत नाही. लक्ष्मीबाई गेली तेव्हाही मी वरच होतो. मला खालची रडारड तेवढी ऐकू आली.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात माळ्यावर खाकी कपड्यातली एक बाई चढली. करुणा! ती आता हिंगोली डेपोत एसटीची कंडक्टर आहे. तिने मला पुसलं, हिंगोलीला नेऊन नवा पट्टा बसवला आणि परत साखऱ्याला आणलं. कारण होतं आरोही, प्रेमानंदची मुलगी. दहा वर्षांची झाली होती आणि बापाच्या नव्या मोबाईलवर स्वतःचा आवाज ऐकून दोन दिवस कुणाशी बोलत नव्हती. टीव्हीवरच्या बायकांसारखा तो का नाही, यावरून रडून राहिली होती.

करुणाने तीच कॅसेट लावली. आधी पहिली बाजू. आरोही ऐकता ऐकता खुदकन हसली. "ताई, हा म्हातारा कोण खोकतोय?"

"मीच," करुणा म्हणाली.

मग दुसरी बाजू. जीप, फुलसिंग, हसणं. आणि पाठोपाठ लक्ष्मीबाईचा प्रश्न आणि ते उत्तर. आरोही ताईकडे वळली. "हे तू बोललीस? पुसलं काहून न्हाईस?"

"ती पण मीच हाय. पुसलं असतं तर सुधारलं कुणी असतं?"

मित्रांनो, म्हणून तुम्हाला सांगतो. आपला आवाज एकदा बाहेरून ऐका. तो पहिल्यांदा आवडणार नाही, त्याबद्दल यंत्राला बोल लावू नका. कुणाचा खोकला उसना घेतला असेल तर हसून परत करा. लाज वाटली तेवढा तुकडा मात्र पुसू नका. आणि घरात माझ्यासारखं कुणी जुनं माळ्यावर पडलं असेल तर त्याला खाली आणून एकदा वाजवून बघा, त्याच्यात कोण बोलत असेल सांगता येत नाही.

त्या दिवशी करुणाने चमचा घेऊन माझं बटण दाबलं आणि कॅसेट थोडी मागे नेली. लक्ष्मीबाईने पुन्हा विचारलं, "करुणा, काय शिकलीस गं आज?"

उत्तर यायच्या आत करुणाने मला थांबवलं. मांडी घालून बसली, आरोहीला जवळ ओढलं आणि सांगायला लागली. "आज ना आजी, बस लई भरली व्हती. मागच्या मंडळींना खाली बसवता बसवता..."