सुईला चालणारा चष्मा

लोखंडी बोटीवरचं होकायंत्र कधीच सरळ उत्तर दाखवत नाही. बोटीचं अंगच लोखंडाचं, त्यामुळे सुई थोडी त्याच्याकडे ओढली जाते. ही ओढ मोजायची आणि होकायंत्राखालच्या खाचांत छोटी चुंबकं बसवून ती मोडायची, हा माझ्या बाबांचा धंदा. मी पदार्थविज्ञान शिकून आले, तरी चुंबकांच्या पेटीला हात लावायची मला परवानगी नव्हती. माझं काम टपावर उभं राहायचं. कप्तान बोट हळूहळू गोल फिरवायचा, मी दुर्बिणीतून दीपगृहाची दिशा बघून ओरडायची आणि केबिनमध्ये बाबा सुईवरचा आकडा वाचायचे. दोन्हींतला फरक म्हणजे चूक.

बोटीवर चढण्याआधी बाबा सगळ्यांचे खिसे रिकामे करवायचे. किल्ल्या, मोबाइल, पट्टे, सगळं प्लास्टिकच्या डब्यात. चष्मासुद्धा. "चष्मेवाल्याचं होकायंत्रापाशी काय काम?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साठी उलटली तरी आपल्याला चष्मा नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

त्या दिवशी एका मासेमारी बोटीवर काहीतरी बिनसलं. बाबा चुंबक सरकवायचे, आकडा वाचायचे, मान हलवायचे, पुन्हा सरकवायचे. बोटीच्या फेऱ्यांवर फेऱ्या होत होत्या.

"काका," खालून कप्तानाचा आवाज आला, "डिझेल माझं जळतंय. तुम्ही चार अंश म्हणताय, मला इथून एकच दिसतोय."

"मग तूच जुळव की! मी येतो सुकाणू धरायला."

मी खाली उतरले. कप्तान चाकामागे उभा होता आणि बाबा होकायंत्रावर ओणवे. मी बाजूने डोकावले. सुई एकावर होती. बाबांनी उजवी मूठ काचेजवळ नेली आणि सुई सरकली. मूठ मागे आली, सुई परत एकावर. मुठीत भिंगाची कड चमकली.

कप्तानासमोर एक शब्द निघाला असता, तर दुपारपर्यंत सगळ्या धक्क्यावर पसरला असता. होकायंत्रवाल्या काकांना दिसत नाही म्हटल्यावर त्यांना बोटीवर कोण बोलावणार?

"बाबा, वर वाऱ्याने माझे डोळे चुरचुरतायत," मी म्हणाले. "दीपगृह तुम्ही बघा ना. दुर्बीण आहेच. आकडे मी खालून वाचते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंग खिशात सारलं आणि ते शिडीकडे गेले. लांबचं त्यांना छान दिसायचं. दर फेरीनंतर ते खाली येऊन बोटांनी चाचपून खाचेत चुंबक बसवायचे. त्यासाठी त्यांना डोळे लागतच नव्हते. तासाभरात सुई ताळ्यावर आली.

"पोरीने वाचवलं काका तुम्हाला," कप्तान हसला.

"शिकवलंय कोणी?" बाबा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

घरी जाताना ते वाटेतल्या बाकावर बसले आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"कड पितळेची आहे. मी चुंबक लावून बघितली होती."

मी भिंग उलटंपालटं केलं. लाकडी मुठीच्या टोकाला गंज दिसत होता. "मुठीच्या लाकडात लोखंडी दांडी आहे, बाबा."

"मुठीकडे कोण बघतो!" ते म्हणाले. "आता मला घरी बसवणार तू."

"घरी बसून आईशी भांडाल. त्यापेक्षा चला."

डोळे तपासून झाल्यावर आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. घरचं छोटं होकायंत्र मी काउंटरवर ठेवलं आणि एकेक फ्रेम त्याच्याजवळ नेऊ लागले. पहिली नेताच सुई दचकली. दुसरीला काड्यांच्या स्क्रूंनी दगा दिला.

दुकानदार बघतच राहिला. "ताई, फ्रेम चेहऱ्याला शोभते का ते बघतात."

"हिला चेहऱ्याचं काय पडलंय?" बाबा पुटपुटले. मग त्यांना राहवेना. त्यांनी होकायंत्र स्वतःकडे ओढलं. "आणि साहेब, तुम्ही जरा लांब व्हा. किल्ल्या आहेत तुमच्या खिशात."

शेवटी एक जाडसर, तपकिरी प्लास्टिकची फ्रेम सापडली. तिच्या बिजागऱ्याही प्लास्टिकच्या. ती होकायंत्राच्या काचेवर टेकवली तरी सुई ढिम्म. त्या फ्रेममध्ये बाबा घुबडासारखे दिसत होते. मी तसं म्हटलंही.

पुढच्या बोटीवर कप्तानाने सवयीने डबा पुढे केला. "काका, चष्मा?"

"हा चालतो," बाबा म्हणाले आणि होकायंत्रावर वाकले. सुई हलली नाही. त्यांनी आकडा वाचला, स्वच्छ, मोठ्याने. मग खाली खाचांकडे बघितलं, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि पायाने पेटी माझ्याकडे सरकवली.

"चुंबकं तू लाव."

"का? गुडघा दुखतोय?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "डावीकडचं आधी. हळू."