न तुटलेला दोरा

लाल दोरा. साधा, शिवणाचा, दुहेरी. हातोडीच्या दांड्याभोवती एक वेढा, मग चापातून खाली, आणि शेवटी गाठ. गाठीवर काळ्या रंगाचा ठिपका, मुंगीएवढा. तिची नजर त्या ठिपक्यावर गेली आणि तिथेच राहिली. विमानातल्या शेजारच्या आसनावर तिचे विद्यार्थी, दातांचे डॉक्टर, पट्टा आवळत बोलत होते, दुसऱ्याच्या तोंडात हात घालून एकट्यानेच बोलायची सवय लागलेली, त्यामुळे उत्तराची त्यांना गरज नव्हती.

हा ठिपका तिने पाहिला होता. त्या दुसऱ्या विमानात, त्या सकाळी. मिस्त्री शेपटीवरचा आकडा रंगवून तसेच रंगल्या बोटांनी आत डोकावले होते, आणि ती म्हणाली होती, काय मिस्त्री, गाठीवर सही केलीत वाटतं... मग उड्डाण, मग इंजिनाचं एकाएकी गप्प होणं, नांगरलेलं शेत, मऊ ढेकळांत रुतलेलं पुढचं चाक, आणि आभाळाच्या जागी माती.

"मिस्त्री," ती डोक्यावरच्या काचेच्या उघड्या झाकणातून बाहेर वाकून म्हणाली, "ही हातोडी कुठली?"

"त्याच विमानातली, ताई. विमान गेलं भंगारात, हिला काय धाड भरलीय? चापासकट काढली न् इथे बसवली."

"आणि दोरा?"

"तोही तोच. तुटला कुठे होता?"

विद्यार्थी उगाच चाळा म्हणून हातोडी उपसतात, म्हणून मिस्त्री हा दोरा बांधत. ओढली की तुटणार. तुटला की त्यांना कळणार. विमान उलटलं, झाकण अडकलं, तर काच फोडायला ही एवढीशी हातोडी. काच कसली, जाड प्लॅस्टिकच ते, पण सगळे काचच म्हणत. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ती डोळे मिटायला लावायची. शोधा. हाताला कळलं पाहिजे, डोक्याला विचारायला वेळ नसतो. आणि त्या दिवशी हाताला कळलं होतं... पट्ट्याला उलटी लटकलेली, केसांतून कानाकडे ओघळणारं पेट्रोल, डॉक्टरांचा चष्मा कुठेतरी करकरला... दांडा गार होता... मी ओढला... ठक, ठक, आणि तिसऱ्या ठोक्याला काच गेली. हे तिला पाठ होतं. सगळ्या घराला पाठ होतं. आल्यागेल्याला दादा चमच्याने टेबल ठोकून दाखवायचा, इतका रंगून, की वहिनी म्हणायची, पुरे हो आता, टेबल फोडाल. धाकट्या बहिणीचा एवढा अभिमान त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होता, आणि खरं सांगायचं तर तिलाही तो आवडत होता.

हातोडीचं टोक तिने निरखलं. त्यावरचा पिवळा रंग जसाच्या तसा. कुठे ओरखडा नाही.

"मग काच कशाने फुटली?"

"आपटल्यावर तडकली असेल," मिस्त्री झाकणाची कड पुसत म्हणाले. "कशाने का फुटेना, ताई. दोघं जिवंत आलात ना?"

त्यांनी हे इतक्या मायेने म्हटलं की तिला राग आला.

"डॉक्टर, तुम्ही सांगा. काच मी फोडली ना?"

"म्हणजे काय!" डॉक्टर मोकळेपणाने हसले. "तीन ठोके! डोळे मी गच्च मिटले होते, भ्यालो होतो, त्यात लाजायचं काय? पण कान उघडे होते. घरी म्हणालो, पुन्हा उडेन तर मॅडमबरोबरच."

मिटले होते. म्हणजे पाहिलं कुणीच नव्हतं. पण ऐकलं होतं, दोघांनी ऐकलं होतं. एकाला भास होतो, दोघांना एकच भास कसा होईल? त्या आवाजाला ती घट्ट धरून बसली. मिस्त्रींनी झाकण खाली ओढलं. वारा बंद झाला, बाहेरची बोलणी बंद झाली, तिचा स्वतःचा श्वास मात्र एकदम जवळ आला. बाहेरून मिस्त्रींनी कडी तपासली आणि नेहमीसारखं बोटांच्या पेरांनी काचेवर वाजवलं, बंद आहे, जा आता, अशा अर्थाने.

ठक. ठक. ठक.

"हाच!" डॉक्टर लहान मुलासारखे ओरडले. "मॅडम, अगदी हाच आवाज!"

हाच. दर उड्डाणाआधी हाच. म्हणजे त्या दिवशीही हाच, पण शेताआधी, मातीआधी, सगळं सरळ असताना... मग नंतर काय होतं? तिने तो गार दांडा आठवून पाहिला आणि तो आला नाही. आला तो फक्त हात. खाली छताकडे लोंबणारा, बोटं सैल, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. आणि ती त्याच्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती, हेच भयंकर होतं. शांतपणे कान देऊन ती काचेपलीकडून कुणीतरी वाजवायची वाट बघत होती, आणि पेट्रोल ओघळत होतं, आणि शेजारी एक माणूस तिच्या भरवशावर डोळे मिटून होता.

मिस्त्री बाजूला होऊन उभे होते, तिच्या अंगठ्याची खूण बघत. तिने डोळे मिटले. शोध, तिने हाताला सांगितलं. एरवी परक्या हातांना सांगायची तसं, शांतपणे, मग जरा दरडावून. हात गुडघ्यावर होता. त्याचं वजन तिला कळत होतं, ऊब कळत होती. तो जागचा हलला नाही.

"निवांत होऊ द्या, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आहात म्हटल्यावर मला कसली भीती?" आणि त्यांनीही, तिचं बघून, समाधानाने डोळे मिटून घेतले.

आत काहीच हलत नव्हतं. पट्टा तिला खांद्याशी आवळत होता, की तोलून धरत होता, हे डोळे मिटून नक्की सांगता येईना. डोळे उघडले की कळेल... पण ती उघडत नव्हती. आपण कान देऊन बसलो आहोत, हे तिच्या लक्षात आलं. चौथ्या ठोक्यासाठी.