अट क्रमांक सतरा

"थांबा बाई, घाई करू नका. अकरावी झाली, आता बारावी घेतो," असं म्हणून अटीबुवांनी चष्मा वर सरकवला आणि मान स्क्रीनकडे आणखी पुढे काढली.

रांगेतल्या ट्रकवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो बुवा, दाबा की ते बटण! जगात कोण वाचतं हो हे सगळं?"

"मी वाचतो," बुवा म्हणाले आणि त्यांनी बारावी अट सुरू केली.

सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात, जिन्याशेजारी, त्यांचं टेबल होतं. टेबलावर एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि मागे भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेलं परवानगीपत्र. त्या पत्रावर त्यांचं खरं नाव ठळक अक्षरांत होतं. पण भिंतीवरचा कागद वाचायची सवय असते कुणाला? सगळं गाव त्यांना अटीबुवाच म्हणायचं. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं हा त्यांचा व्यवसाय, आणि त्यात त्यांची एक खोड होती. 'मला सर्व अटी मान्य आहेत' या वाक्यासमोरच्या चौकोनात खूण करण्याआधी ते त्या सर्व अटी उघडायचे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचे. कळलं नाही तर सोप्या भाषेत सांगायचे. मग माउस समोरच्याकडे सरकवून म्हणायचे, "वाचन माझं, बटण तुमचं." दाबा असं ते कधी सांगत नसत आणि दाबू नका असंही नाही.

आत हॉलमध्ये दोन खिडक्या होत्या. तिथे हेच काम दोन मिनिटांत व्हायचं. तरीही बुवांकडे रांग असायची. ही सगळी एकदा पोळलेली माणसं. शिवणकाम करणाऱ्या मावशींचंच घ्या. त्यांनी एकदा फोनमध्ये फुकटचं टॉर्चचं ॲप घेतलं आणि फोनमधले सगळे नंबर कुठल्याशा कंपनीच्या घशात गेले. विहीणबाईंना सकाळ-संध्याकाळ गुडघ्याच्या तेलाचे फोन यायला लागले. "माझे गुडघे दुखतात हे तुम्हीच गावभर केलंत," म्हणून विहीणबाईंनी सहा महिने अबोला धरला. तेव्हापासून मावशी साधा अर्ज भरायलाही बुवांकडेच यायच्या आणि उभ्या उभ्या काजं करत अटी ऐकायच्या.

बायको त्यांना चिडवायची. "लग्नाआधी माझ्या अटी वाचल्या नाहीत, त्याचा वचपा सगळ्या जगावर काढताय."

"तुझ्या अटी कागदावर होत्या कुठे? रोज नवीन निघतात," असं म्हणून बुवा हसण्यावारी न्यायचे. खरं कारण बायकोला ठाऊक होतं आणि ती त्याबद्दल कधी बोलत नसे.

बुवांनी बावीस वर्षं एका मोठ्या कंपनीत टायपिस्ट म्हणून काढली होती. साहेब मसुदा द्यायचे आणि पेन्सिलीने एखाद्या परिच्छेदाभोवती कंस करून म्हणायचे, "एवढा भाग बारीक टाका." बुवा टाकायचे. निमूटपणे टाकायचे, पोटापाण्याचा प्रश्न होता. एकदा एक माणूस कागद डोळ्यांजवळ धरून त्यांच्या टेबलाशी आला. त्याचा एक हात मशीनमध्ये जाऊन थोटा झाला होता. दुसऱ्या हाताचं बोट बारीक ओळींवर ठेवून त्याने विचारलं, "साहेब, हे इथं काय लिहिलंय?" अशा वेळी काय सांगायचं हे ठरलेलं होतं. बुवांनी तेच सांगितलं. "नेहमीचंच आहे." त्याने सही केली. त्या ओळींत त्याने भरपाईवर पाणी सोडलं होतं. बुवांनीच त्या टाईप केल्या होत्या. त्यानंतर बुवा दोन वर्षंच त्या नोकरीत टिकले. तो प्रसंग आठवला की आजही त्यांना घास गोड लागत नसे.

तर त्या दिवशी खुर्चीत वेल्डरची बायको बसली होती. गावाबाहेरच्या कारखान्याने आणि सरकारने मिळून कामगारांसाठी आरोग्य कार्ड काढलं होतं. तपासणी फुकट, औषधं फुकट, मोठ्या दवाखान्यातला स्कॅनसुद्धा फुकट. अर्जाचा शेवटचा दिवस तोच होता, म्हणून रांग पार फाटकापर्यंत गेली होती. बाईंचा नवरा कारखान्यात वेल्डर. दोन वर्षं खोकत होता आणि आता तर दहा पावलं चालला की भिंत धरत होता. गुरुवारी त्याचा स्कॅन ठरला होता. कार्ड नसेल तर स्कॅन नाही. याच वेल्डरने आणखी नऊ जणांना घेऊन कारखान्याच्या धुराविरुद्ध तक्रार केली होती आणि ती वरच्या कचेरीत चौकशीला लागली होती. बाई नवऱ्याचा फोन मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या, कारण त्यावर आलेला कोड दहा मिनिटंच चालणार होता.

"सोळावी," बुवा म्हणाले. "कार्ड हरवल्यास नवीन कार्ड मिळेल. ही बरी आहे. आता सतरावी. 'कार्डधारक यान्वये अशी संमती देतो की...'"

ते थांबले. डोळ्यांनी पुढे वाचून आले. मग पाणी प्यायले आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत पहिल्यापासून वाचायला लागले.

"'कार्डधारक यान्वये अशी संमती देतो की, त्याचे व त्याच्या कुटुंबीयांचे सर्व वैद्यकीय अहवाल कंपनीस देण्यात येतील, तसेच कारखान्याच्या धुरामुळे आजार झाल्याबाबत यापूर्वी केलेल्या सर्व तक्रारी त्याने स्वखुशीने मागे घेतल्या असे समजण्यात येईल.'"

मावशींची सुई थांबली. ट्रकवाला रांग सोडून टेबलाशी आला.

"म्हणजे काय हो?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे तुमच्या यजमानांच्या छातीत काय निघालं ते तुमच्याआधी कंपनीला कळणार. आणि हे बटण दाबलं की ती तक्रार संपली."

"स्वखुशीने?" बाईंचा आवाज चढला. "माणूस रात्र रात्र उशाला टेकून बसून काढतो, त्यात खुशी कसली आलीय? आत खिडकीवर तर सकाळपासून दोनशे जणांनी दाबलंय हे! त्यांना कुणी सांगितलं का?"

कुणी सांगितलं नव्हतं. रांगेत कुजबुज सुरू झाली आणि हां हां म्हणता फाटकापर्यंत गेली. फोनवरचा कोड एव्हाना मेला होता.

बाईंनी स्क्रीनवरच्या सतराव्या अटीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "दाबलं नाही तर त्यांचा स्कॅन जातो. दाबलं तर ज्याच्यामुळे ही वेळ आली तोच सुटतो. बुवा, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

हा प्रश्न त्यांना आजवर पुष्कळांनी विचारला होता. ते हात जोडून म्हणायचे, "वाचन माझं." आजही ते शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. पण समोर बाई होत्या, त्यांच्या मुठीत तो फोन होता, आणि बुवांना तो थोटा हात आठवला. त्यांनी शब्द गिळले.

"मी असतो तर ही अट खोडली असती," ते म्हणाले.

"कॉम्प्युटरवर खोडता येतं?" ट्रकवाल्याने विचारलं.

"कॉम्प्युटरवर नाही. पण चौथी अट तुम्ही ऐकली नाहीत, तेव्हापासूनच तुम्ही कपाळावर हात मारत होतात. ज्यांना ऑनलाइन अर्ज करता येत नाही त्यांनी छापील अर्ज आवक विभागात द्यावा, तो ग्राह्य धरला जाईल. त्यांनीच लिहिलंय." बुवांनी प्रिंटर चालू केला. "अर्ज छापायचा, सतरावीवर रेघ मारायची, शेजारी सही करायची आणि आवकचा शिक्का घ्यायचा. पुढे काय होईल ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही बाई. ते माझ्या हातात नाही."

बाईंनी पेन मागून घेतलं. पट्टी नव्हती म्हणून मावशींनी आपली मोजायची टेप ताणून धरली. रेघ सरळ आली. तिच्याशेजारी बाईंनी सही केली, जपून, एकेक अक्षर वळवत.

मग काय विचारता! सगळ्या रांगेला तसाच अर्ज हवा होता. प्रिंटर बिचारा धापा टाकायला लागला. कागद संपले तेव्हा ट्रकवाला पळत जाऊन कागद घेऊन आला. सकाळपासून बुवांच्या नावाने बोटं मोडणारा हाच माणूस आता मागच्यांना दरडावत होता, "ढकलू नका रे! आधी वाचा, मग खोडा!" आवक विभागातल्या बाई डबा खात बसल्या होत्या. त्यांनी डबा बाजूला सारला, खोडलेली अट एकदा वाचली, शिक्का उचलला आणि दर अर्जाला पोच दिली. चार वाजेपर्यंत एक्केचाळीस अर्ज झाले.

सव्वाचारला कचेरीचे साहेब व्हरांड्यात आले. "काय चाललंय हे? सिस्टिम असले अर्ज घेणार नाही."

"सिस्टिमला दिलेच नाहीत साहेब," बुवा म्हणाले. "तुम्हाला दिलेत. शिक्का बघा."

"तुम्ही लोकांना भडकवताय."

"मी वाचून दाखवलं. त्यात जे भडकण्यासारखं आहे ते मी लिहिलेलं नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. वरून फोन आला की याचा घाम सुटायचा, एवढंच. ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बुवा, तुमची परवानगी माझ्या सहीने आहे. वरून विचारणा झाली तर मला तुम्हाला वाचवता येणार नाही. हे अर्ज तुम्हीच परत मागवा. लोक तुमचं ऐकतात."

साठी उलटलेल्या माणसाला दुसरं टेबल कोण देणार? त्यांनी रांगेकडे पाहिलं. वेल्डरची बायको पोच घडी करून ब्लाउजमध्ये ठेवत होती.

"लोक माझं ऐकतात, कारण मी काही लपवत नाही," ते म्हणाले. "आता हे लपवायला लावू नका."

दुसऱ्या दिवशी मोठीच गंमत झाली. एक्केचाळीस शिक्क्यांचे अर्ज वर पोचले, कुणीतरी ते वर्तमानपत्रात दिले, आणि दुपारी कंपनीने जाहीर केलं की सतरावी अट टायपिंगच्या चुकीने आली होती, ती काढली आहे, खोडलेले अर्जही धरले जातील आणि आधी भरलेल्या अर्जांनाही ती लागू नाही.

"टायपिंगची चूक!" बुवा घरात येरझाऱ्या घालत होते. "अगं, बावीस वर्षं टाईप केलंय मी! चूक होते ती एका अक्षराची होते, फार तर एका शब्दाची. ही बत्तीस शब्दांची! मोजलेत मी! आणि स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी!"

बायको हसत सुटली. तिला हसताना पाहून तेही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

संध्याकाळी शिपाई पत्र घेऊन आला. कामकाजात अडथळा आणल्याबद्दल व्हरांड्यातली परवानगी तत्काळ रद्द. बुवांनी पत्र उभ्यानेच वाचलं, वरच्या जावक क्रमांकापासून खालच्या प्रतिलिपीपर्यंत, आणि सही करून घेतलं. शिपायाची मान खाली होती. बायकोने त्याला चहा दिला. तो गेल्यावर ती म्हणाली, "बसा आता घरी. माझ्या अटी वाचा." पण तिचा हात बराच वेळ त्यांच्या पाठीवर होता.

गुरुवारी सकाळी बुवा पहिल्यांदाच नऊ वाजता घरी होते. काय करावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात जिन्यात खोकला ऐकू आला. कुणीतरी चढत होतं. चार पायऱ्या, मग खोकला, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा चार पायऱ्या. बुवांचं घर तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी चपला सरकवल्या आणि ते खाली निघाले.

पहिल्या मजल्याच्या वळणावर एक माणूस कठडा धरून उभा होता. त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं; त्याची जन्मतारीख, रक्तगट, फोन नंबर सगळं मात्र अर्जामुळे त्यांना पाठ होतं. वेल्डर म्हणून काम केलेले हात, बोटांवर जुने भाजल्याचे डाग. खांदे अजून रुंद, पण शर्ट त्यांच्यावर नुसता लोंबत होता.

"अटीबुवा?" त्याने कसंबसं विचारलं. "बायको दवाखान्यात नंबर धरून बसलीय. अकराचा स्कॅन आहे. दवाखान्यातल्यांनी हा कागद दिलाय... सही करायला." श्वास पुरेना म्हणून तो थांबला. "म्हटलं, आधी... तुमच्याकडून..."

"अहो, मला बोलवायचं! मी आलो असतो की!" ते पायरीवर बसले आणि शेजारची जागा हाताने झटकून म्हणाले, "बसा. बोलू नका. अकराला अजून खूप वेळ आहे."

वेल्डर कठड्याला धरून हळूच खाली बसला. बुवांनी कागद घेतला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, पण वाचायला सुरुवात केली नाही. शेजारच्या माणसाची छाती जोरजोरात वरखाली होत होती. तो श्वास जागेवर येईपर्यंत ते कागद गुडघ्यावर धरून वाट बघत बसले.