यिन आजी उतरत नाही

"अगं, भाताचं पोतं आहे का मी? हळू जरा," यिन आजी म्हणाली आणि फाल्लाच्या गळ्यात हात टाकून नोरीवर चढली. चढली म्हणजे फाल्लानेच तिला उचलून ठेवलं.

बांबूच्या फळीवर चटई अंथरलेली होती. मधोमध आजीला बसवून फाल्लाने तिच्या मांडीवर कमळाच्या कळ्यांची जुडी ठेवली. पौर्णिमेला आजी विहारात जाते, हे त्या रुळांवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण मागच्या पौर्णिमेला ती फाल्लाच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या पायांनी चढली होती. आज ते पाय ओल्या कपड्यासारखे लोंबत होते. सुनेने तिला हातगाडीवरून आणून सोडलं, "आई आज चालायला कंटाळल्या" एवढं म्हणाली आणि मान खाली घालून निघून गेली.

"काय बघतेस? इंजिन सुरू कर," आजीने डोळे वटारले.

फाल्लाने दोरी ओढली. इंजिन फटफटलं, काठीने पट्टा ताणला आणि नोरी सुटली.

नोरी म्हणजे तसं फार काही नाही. चाकांचे दोन आस, त्यावर नुसती ठेवलेली बांबूची फळी आणि मागे पाणी उपसायचं छोटं इंजिन. सरकारी आगगाडी कधी यायची, कधी नाही. त्यामुळे बात्तामबांग शहराच्या आसपासच्या त्या भागात माणसं, डुकरं, भात, हल्ली पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी प्रवासी, सगळं नोरीवरूनच जायचं. रूळ एकच. समोरासमोर दोन नोऱ्या आल्या की जिच्यावर भार कमी, ती उतरवायची. माणसं खाली, इंजिन खाली, फळी खाली, आस बाजूला. दुसरी गेली की पुन्हा सगळं रुळावर.

तीन वर्षांपूर्वी फाल्लाचा नवरा सारीन तापाने गेला, तेव्हा त्याची नोरी घेऊन ती अड्ड्यावर आली. अड्ड्याचा म्होरक्या थोएन म्हणाला होता, "हे बाईचं काम नाही. आस उचलताना कंबर मोडेल." ती हटली नाही म्हटल्यावर त्याने तिला जागा दिली खरी, पण उतारू देताना हात आखडला. एखादी म्हातारी, एखादी कोंबड्यांची पाटी. साहजिकच प्रत्येक वेळी फाल्लाचीच नोरी खाली उतरायची. रीत अशी, की समोरच्यानेही हात लावायचा. थोएन विडी ओढत बसायचा.

"फाल्ला, तुझी नोरी रुळावर कमी आणि शेतातच जास्त असते," तो म्हणायचा आणि सगळे हसायचे.

आज ते सगळं संपणार होतं. उद्यापासून रुळांची दुरुस्ती, मग खरी आगगाडी, आणि या मार्गावर नोरी बंद. कुणी मोटारसायकलच्या मागे गाडी जोडून घेतली होती. थोएन बदकं पाळणार म्हणत होता. फाल्लाने अजून काही ठरवलं नव्हतं.

"लढाईच्या दिवसांत दोन लेकरं कडेवर घेऊन मी याच रुळांवरून चालत आले," आजी वाऱ्यात ओरडून सांगत होती. दर पौर्णिमेला सांगायची. "पायाला फोड नव्हता आला!"

"माहीत आहे, आजी."

"पुन्हा ऐक."

ओढ्यावरचा पूल ओलांडला आणि वळणावर समोरून थोएनची नोरी आली. भाताची पोती, त्यांवर बसलेले चार परदेशी प्रवासी, आणि मागे आणखी दोन नोऱ्या. सगळ्यांनी करकचून ब्रेक लावले.

"चल, फाल्ला. उतरव," थोएनने सवयीने हात हलवला.

फाल्लाने आजीकडे पाहिलं. आजीने कमळाचे देठ घट्ट मुठीत धरले होते आणि ती समोर बघत होती, कुणाकडेच नाही.

"आजी उतरणार नाही," फाल्ला म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही उतरणार. तीन वर्षं उतरतेय. आज तू उतर."

"डोकं फिरलं का तुझं? पोती बघ माझी!"

"तुझ्या बापानंसुद्धा मला नोरीवरून उतरवून असंच उन्हात उभं केलं होतं," आजीला आता आवाज सापडला. "आज मी जागची हलणार नाही. काय करायचं ते कर!"

मागच्या नोऱ्यांवरून आरडाओरडा सुरू झाला. थोएन तरातरा चालत आला, भांडायलाच. तेवढ्यात आजीचा एक पाय फळीच्या कडेवरून घसरून चाकापाशी लोंबकळला. आजीला ते कळलंही नाही. फाल्लाने वाकून तो दोन्ही हातांनी उचलला, लुंगीखाली नीट ठेवला, आणि मान वर केली तेव्हा थोएन तिच्याकडेच बघत होता.

त्याने आजीच्या पायांकडे पाहिलं. मग मागे वळून मोठ्याने ओरडला, "म्हातारी फार हट्टी आहे रे! ऐकत नाही! नियम मोडायचा नाही आणि हिच्याशी वादही घालायचा नाही. या सगळे. आजीसकट उचला!"

इंजिन खाली उतरलं. दोघे चालक पुढे आले, थोएनने एक कोपरा धरला. चौथ्या कोपऱ्याला एका परदेशी मुलीने न सांगता हात घातला. फळी वर उठली.

"हळू रे! कळ्या पडतील माझ्या!" आजी ओरडली. तिचा चेहरा लाल झाला होता. ती हसत होती.

त्यांनी तिला बांधावरच्या गवतात अलगद ठेवलं. फाल्ला आस उचलायला वाकली, तर दुसरं टोक थोएनने आधीच धरलं होतं.

एकेक करून तिन्ही नोऱ्या पुढे गेल्या. जाताना प्रत्येकाने हात जोडले, आणि हिरव्या भाताच्या कडेला बांबूच्या फळीवर ताठ बसलेल्या आजीने प्रत्येकाला मान हलवून आशीर्वाद दिला. मग थोएन इतरांना घेऊन मागे आला आणि सगळं पुन्हा रुळावर चढवून गेला.

विहाराच्या फाटकाशी फाल्लाने आजीला पाठुंगळी घेतलं.

"संध्याकाळी न्यायला येऊ नकोस," आजी तिच्या कानाशी म्हणाली. "मी इथल्या म्हाताऱ्यांमध्येच राहणार आता. सुनेने कपडे कालच पाठवलेत."

फाल्लाने तिला पाठीवर नीट सावरून घेतलं.

"जड आहे का गं मी?"

"नाही, आजी."

"त्यांना वाटलं, मी हट्ट केला. हो ना?"

"हो. सगळ्यांना तसंच वाटलं."

परतताना नोरी रिकामी होती. समोरून कोणीही आलं असतं, तरी तिलाच उतरवावी लागली असती. पण कोणी आलं नाही. अर्ध्या वाटेत फाल्लाने इंजिन बंद केलं. नोरी आपल्याच वेगात पुढे जात राहिली. चाकांचा आवाज हळूहळू मंदावला आणि भाताच्या शेतांमध्ये कुठेतरी ती आपोआप थांबली. फाल्ला उतरली नाही.