नळी धुतल्यावर

थोरलीच्या स्वच्छतेपुढे घरात कोणाचं काही चालत नसे. बाबांचं बरंचसं आतडं कापावं लागलं होतं. तेव्हापासून त्यांचं पोषण छातीतल्या शिरेत बसवलेल्या नळीतून, थेट रक्तात चाले, आणि त्या नळीला हात लावायची टाप कोणाची नव्हती. धाकटी म्हणायची, ताई आता साबणालाही साबण लावून धुवेल. थोरली कोपरापर्यंत हात धुवायची, नळीचं तोंड स्पिरिटने पुसायची, सिरिंजने मिठाचं पाणी आत सोडून नळी धुवायची, आणि मग दुकान उघडायला धावायची.

एवढं करूनही बाबांना ताप यायचाच. इंजेक्शनांनी उतरायचा, इंजेक्शनं संपली की पुन्हा हजर. आपलंच कुठेतरी चुकतंय या धास्तीने तिची झोप उडाली. मग ती नळी सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा दुकानात जाण्याआधी, धुऊ लागली.

एका सुट्टीच्या सकाळी ती घरीच होती. नळी धुऊन थोडा वेळ गेला असेल नसेल, बाबांचे दात कडाकडा वाजू लागले. होती नव्हती ती पांघरुणं घातली तरी पलंग हलत होता. तिने दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला.

"थंडी नळी धुतल्यावर वाजते का?" सिस्टरने विचारलं.

थोरलीला सांगता येईना. रोज त्या वेळी ती दुकानात असायची.

सिस्टरने समजावून सांगितलं. जंतू मोठे चिवट. नळीला आतून चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर करतात आणि तिथेच बिऱ्हाड थाटतात. औषध वरवरचे मारतं, थराखालचे शाबूत राहतात. पाणी सोडलं की थराचे तुकडे सुटून थेट रक्तात जातात. आता नळीत थेंबही सोडू नका, ती काढावीच लागेल. गाडी पाठवते, लगेच निघा.

फोन ठेवला तरी सिरिंज तिच्या हातातच होती. ती बाबांच्या पायाशी बसली. त्यांच्याकडे बघायचा तिला धीर होईना.

"बाबा, मी धुतल्यावरच थंडी वाजायची का?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"मग बोलला का नाहीत?"

"इतका जीव लावून करायचीस तू," ते कुडकुडत म्हणाले. "म्हटलं, पोरीला वाईट वाटेल."

थोरलीला त्यांचा भयंकर राग आला. दारात गाडी येऊन थांबली तेव्हाही ती त्यांना रागावतच होती, आणि रडत होती.