चिठ्ठ्या नसलेले शिंपले

"मॅडमजी, तुम्ही फक्त सांगत जा, मी लिहून राहिली न," म्हणत अस्मिताने कोऱ्या चिठ्ठ्या पुढे ओढल्या.

कुमुदताईंचं लक्ष प्लास्टिकच्या टबाकडे होतं. शिपाई दयारामने तो नुकताच टेबलावर आणून ठेवला होता. कॉलेजच्या संग्रहालयातले सगळे शंख-शिंपले त्यात एकत्र ओतलेले. कपाटांना रंग द्यायचा म्हणून खण रिकामे केले, आणि कोणता शिंपला कुठे, कधी सापडला हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या.

त्या चिठ्ठ्या दिनकरच्या हातच्या होत्या. कुमुदताईंचा नवरा, खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत ड्राफ्ट्समन. सुटीच्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बायकोसोबत नर्मदेत उतरायचा. "लोक मासे नेतात, आपण टरफलं नेऊन राहिलो," म्हणून हसायचा, आणि घरी येऊन मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठ्या लिहायचा. तो गेल्यावर कुमुदताईंनी सगळं कॉलेजला दिलं. घरापेक्षा तिथे जपलं जाईल, म्हणून.

"मला विचारलं काहून नाही?"

"मी सुटीवर होती, मॅडमजी. उद्या तपासणीवाले येऊन राहिले. हे असं दिसलं तर आपला प्राणिशास्त्र विभागच बंद करतील. काहीही सांगा. कोणाला समजते?"

कुमुदताईंनी एक शिंपला उचलला. जात ओळखू आली, जागा नाही. तिलवारा घाटावरचा असेल, नाहीतर बरगीच्या धरणाखाली गेलेल्या एखाद्या गावचा. तिथे आता परत जाताही येणार नव्हतं.

"नाही आठवत. अन् खोटं मी सांगणार नाही. चिठ्ठी नसली की हा नुसता चुना. तुलाच शिकवलं होतं मी."

"तुमचं काय जाते? तुम्ही रिटायर झाल्या," अस्मिताचा आवाज चढला. "माझ्यासोबत चार गेस्ट लेक्चरर आहेत. त्यांनी कुठं जायचं?"

कुमुदताईंनी शिंपला परत टबात ठेवला.

अस्मिताने पेन उघडलं. लिहिलं, तिलवारा घाट. त्याखाली, संग्राहक : कुमुद आणि दिनकर.

"आमची नावं नको टाकू."

"नावाशिवाय कोण खरं मानेल?" मान वर न करता अस्मिता म्हणाली.

कुमुदताई उठल्या. दाराबाहेर चपला घालताना आतून आवाज आला, "दयाराम भैया, तिलवारा हो गया. और कौन-कौन से घाट हैं अपने यहाँ?"

दयाराम हौसेने एकेक घाट सांगू लागला. कुमुदताई भिंतीला धरून जिना उतरल्या.